औषधभांडारात ब्लॉकचेन: नऊ महिन्यांनंतर

सरकारी रुग्णालयांच्या औषधखरेदीत मी भांडाराचं काम पाहतो. निविदेपासून देयकापर्यंतच्या नोंदी ब्लॉकचेनवर गेल्याला नऊ महिने झाले. ब्लॉकचेन म्हणजे एकमेकींना जोडलेल्या नोंदींची साखळी; तिच्या प्रती अनेक संस्थांकडे असतात, म्हणून जुनी नोंद गुपचूप बदलता येत नाही. आमची प्रणाली हायपरलेजर फॅब्रिक या ब्लॉकचेन सॉफ्टवेअरवर आहे, म्हणजे परवानगी दिलेल्या संस्थांनाच नोंद करता येते. बिटकॉइनसारखं कुणीही येऊन सामील होऊ शकत नाही.

सगळ्यात जास्त पटली ती निविदेची पद्धत. पुरवठादार मुदतीआधी दराचा आकडा देतच नाही. आकड्यात एक लांबलचक गुप्त संकेत मिसळून तो एसएचए-२५६ पद्धतीने हॅश काढतो, म्हणजे त्या मजकुराचा असा ठसा, ज्यावरून मूळ मजकूर उलट काढता येत नाही. फक्त हा हॅश साखळीवर चढतो. मुदत संपली की आकडा आणि संकेत उघड करायचा. हॅश जुळला नाही तर निविदा बाद. संकेत कशाला हवा, असं मलाही सुरुवातीला वाटलं होतं. पण औषधाचा दर साधारण किती असेल हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. नुसत्या आकड्याचा हॅश असता, तर शक्य ते सगळे दर तपासून संगणकाने खरा दर क्षणात ओळखला असता. लिफाफा आधीच फुटल्याची तक्रार पूर्वी दर मोठ्या निविदेत यायची. या नऊ महिन्यांत एकही आली नाही. मात्र एका लहान पुरवठादाराकडून संकेताची फाइल हरवली आणि त्याचा दर उघडताच आला नाही. नियमाने बरोबर झालं, तरी मला वाईट वाटलं. ही पद्धत त्याला कुणी नीट समजावलीच नव्हती.

नोंद खोडता येत नाही, याची भांडारात धास्ती होती. तिसऱ्या महिन्यात आवक नोंदवताना ५०० ऐवजी ५,००० कुप्या लिहिल्या गेल्या. मूळ नोंद तशीच राहिली, खाली दुरुस्तीची नोंद कारणासह जोडली. लेखापरीक्षणात दोन्ही दिसल्या आणि आक्षेप आलाच नाही. त्यानंतर आमच्या माणसांची भीती गेली.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहाव्या लागतात. गाडीतला डेटा लॉगर, म्हणजे तापमान नोंदवणारं छोटं यंत्र, वाटेतलं तापमान थेट साखळीवर पाठवतो. एका खेपेची नोंद अगदी निर्दोष होती, पण खोकी हाताला कोमट लागली. चौकशीत कळलं की लॉगर खोक्यात नव्हताच. गाडीतल्या वेगळ्या थंड पेटीत ठेवला होता. साखळीने चुकीचं तापमान इमानेइतबारे जपलं होतं. माल मी अडवला तो हाताच्या अनुभवावर. आत काय शिरतं ते पाहायला माणूसच लागतो, आणि आमच्याकडे पडद्यावर हिरवी खूण आली की खोकं उघडायचं नाही अशी सवय लागू लागली होती. ती मी मोडली.

दुसरी तक्रार नोडची, म्हणजे साखळीची प्रत ठेवणाऱ्या संगणकांची. खरेदी, भांडार, प्रयोगशाळा आणि लेखापरीक्षण असे चार नोड कागदावर होते, पण चारही एकाच कंत्राटदाराच्या सर्व्हरवर चालत होते. चारही प्रती एकाच्याच हाती असतील तर नोंद बदलणार नाही याची हमी कोण देणार? पाठपुरावा करून लेखापरीक्षणाचा नोड त्यांच्या स्वतःच्या यंत्रावर हलवायला पाच महिने लागले. प्रयोगशाळेचा अजून बाकी आहे.

खुली साखळी का नको, असं लोक विचारतात. कोलंबियात शालेय आहाराच्या खरेदीसाठी इथेरियम या खुल्या ब्लॉकचेनवर प्रयोग झाला होता. २०२० च्या त्याच्या अहवालात व्यवहारांची क्षमता आणि पुरवठादारांची ओळख गुप्त ठेवणं या अडचणी स्पष्ट मांडल्या आहेत. आमच्याकडे तर निविदेची कागदपत्रंही साखळीवर जात नाहीत, फक्त त्यांचे हॅश जातात. माणसांची माहिती कायमची पुसता न येणाऱ्या जागी ठेवू नये, हे मला योग्यच वाटतं.

सगळ्यांनी सामील होणं ही मात्र खरी अडचण आहे. जहाजवाहतुकीसाठी आयबीएम आणि मर्स्क यांनी आणलेली ट्रेडलेन्स ही ब्लॉकचेन प्रणाली, तंत्र बरं चालत असूनही, पुरेसं जागतिक सहकार्य मिळालं नाही म्हणून २०२२ मध्ये बंद करायचं ठरलं. आमचे लहान पुरवठादार अजूनही कागदी चलन देतात आणि ते आम्हीच साखळीवर चढवतो. त्या नोंदीला मी कागदाइतकंच मानतो, त्याहून जास्त नाही.

पुढच्या पुरवठा करारात एक अट घालून घेतली आहे: लॉगर खोक्याच्या आत, लसींना चिकटून, आमच्या माणसासमोर सीलबंद व्हायला हवा.