पडद्याबाहेर ठेवलेले: २०२३च्या चित्रपट-मालिकांतून काय निवडावे

वर्ष संपत आले की त्या वर्षातल्या आवडत्या चित्रपटांची आणि मालिकांची यादी करण्याची माझी जुनी सवय आहे. दोन-तीन वर्षांनी ती वही पुन्हा उघडली की निम्म्या नावांपुढे आपण नेमके कशाने भारावलो होतो, हे आठवत नाही. २०२३ची यादी मात्र अजून बरीचशी शाबूत आहे, आणि तिच्यात जे टिकले त्याचा एक समान धागा माझ्या उशिरा लक्षात आला: त्या वर्षीच्या उत्तम कलाकृतींनी आपल्या कथेतली सर्वांत मोठी गोष्ट पडद्यावर येऊच दिली नाही. ती भिंतीपलीकडे राहिली, फोनवरून कळली, ध्वनिफितीत ऐकू आली किंवा मुळात घडलीच नाही. ज्यांचे ते वर्ष हुकले आणि ज्यांच्या हाताशी आता मोजक्याच मोकळ्या संध्याकाळी आहेत, त्यांना निवड सोपी जावी म्हणून हा आढावा जोड्या लावून लिहिला आहे. शेवट फोडण्याचे मी टाळले आहे. एका ठिकाणी ते टळत नाही, तिथे आधी सूचना दिली आहे.

सर्वांत अवघड निवड 'द झोन ऑफ इंटरेस्ट' आणि 'अॅनाटॉमी ऑफ अ फॉल' यांतली आहे. दोन्ही चित्रपट मे २०२३मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात पहिल्यांदा दाखवले गेले; ज्युस्तीन त्रिए यांच्या 'अॅनाटॉमी'ला तिथला सर्वोच्च पाल्म द'ऑर मिळाला, तर जोनाथन ग्लेझर यांच्या 'झोन'ला त्याखालोखालचा ग्रां प्री. दोन्हींतली मुख्य स्त्री-भूमिका सांद्रा ह्युलर या एकाच जर्मन अभिनेत्रीने केली आहे. एका चित्रपटात तिच्याविषयी सहानुभूती बाळगावी की नाही हे आपण अडीच तास ठरवत राहतो, आणि दुसऱ्यात तीच अभिनेत्री नुसत्या घरकामाच्या सूचना देतानाही अंगावर काटा आणते. त्या वर्षातली अभिनयाची सर्वांत मोठी कमाई मी हीच मानतो.

'झोन'मध्ये ऑशविट्झ छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ ह्योस छावणीच्या भिंतीला लागून असलेल्या घरात बायकामुलांसह राहतो. बायको बाग फुलवते, मुले पाण्यात डुंबतात, बदलीची बातमी आल्यावर हे घर सोडून आपण येणार नाही असा बायकोचा हट्ट होतो. कोणत्याही अधिकाऱ्याच्या घरात घडावी तशी ही कुरबुर आहे. भिंतीपलीकडचा संहार एकाही चौकटीत दिसत नाही. तो ऐकू येतो: अखंड घरघर, मधूनच आरोळी, गोळीचा बार, कुत्र्यांचे भुंकणे. जॉनी बर्न यांनी रचलेला हा ध्वनी म्हणजे चित्रपटाच्या आत चालू असलेला दुसरा चित्रपट आहे, आणि उत्कृष्ट ध्वनीचे ऑस्कर 'ओपनहायमर'सारख्या दणदणीत प्रतिस्पर्ध्याला मागे टाकून त्याला मिळाले, ते योग्यच झाले. चित्रीकरणाच्या वेळी घरात आणि बागेत अनेक कॅमेरे दडवून एकाच वेळी चालू ठेवले होते आणि नटांच्या आसपास तंत्रज्ञ नव्हते. त्यामुळे चेहरे फारसे जवळून दिसत नाहीत, पात्रांच्या मनात शिरायला वाट मिळत नाही आणि आपण टेहळणी करत असल्यासारखे बसून राहतो. मार्टिन एमिस यांच्या २०१४च्या कादंबरीवर चित्रपट आधारलेला आहे खरा, पण कादंबरीतली काल्पनिक नावे आणि प्रेमप्रकरण बाजूला सारून ग्लेझर थेट ह्योस दांपत्यापाशी जाऊन थांबले.

'अॅनाटॉमी'त लपवलेली गोष्ट एका क्षणाएवढी आहे. फ्रेंच आल्प्समधल्या घराबाहेर बर्फात एका माणसाचे प्रेत त्याच्या दृष्टिदोष असलेल्या मुलाला सापडते. तो वरून पडला, त्याने उडी घेतली की बायकोने ढकलले, हे कोणीच पाहिलेले नाही, प्रेक्षकानेही नाही. मला सर्वाधिक मोलाचा वाटतो तो ध्वनिमुद्रणाचा प्रसंग. मृत्यूच्या आदल्या दिवशीचे भांडण नवऱ्याने गुपचूप मुद्रित केलेले असते; ते न्यायालयात वाजवले जाते तेव्हा चित्रपट आपल्याला त्या स्वयंपाकघरात नेतो, भांडण चढत जाते, आणि ते हातघाईवर येते नेमक्या त्याच क्षणी आपण पुन्हा न्यायालयात असतो. उरतात ते नुसते आवाज, आणि कोणी कोणाला मारले याचे दोन अर्थ. यात भाषेचीही एक गाठ आहे, जी सबटायटल वाचण्याच्या नादात निसटते: बायको जर्मन, नवरा फ्रेंच आणि घरातली तडजोडीची भाषा इंग्रजी. परक्या भाषेत स्वतःचा बचाव करताना तिच्यात दिसणारा थंडपणा हा स्वभाव आहे की शब्दांची अडचण, हे सांगता येत नाही, आणि खटला तर बराचसा तिच्या स्वभावावरच चाललेला असतो.

निवडीचा प्रश्न मी असा सोडवेन. 'झोन' १०५ मिनिटांचा आहे, पण तो चांगल्या ध्वनियंत्रणेवर किंवा निदान हेडफोन लावूनच पाहावा. मोबाइलच्या स्पीकरवर पाहिला तर बागकाम करणाऱ्या कुटुंबाचा एक संथ चित्रपट तेवढा हाती लागेल. 'अॅनाटॉमी' अडीच तासांचा असूनही कुठल्याही पडद्यावर पकड घेतो, आणि चार जणांनी मिळून पाहिला तर नंतर वाद हमखास होतो. 'झोन' मला अधिक थोर वाटतो. तरीही दोहोंपैकी एकच पाहायचा असेल तर 'अॅनाटॉमी' पाहावा असे मी सांगेन, कारण तो मी तीनदा पाहिला आणि प्रत्येक वेळी माझा निकाल बदलला. 'झोन' दुसऱ्यांदा लावायला हात अजून धजावलेला नाही.

लांबी पाहून माणूस कचरतो ते दोन चित्रपट म्हणजे १८० मिनिटांचा 'ओपनहायमर' आणि २०६ मिनिटांचा 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून'. अणुबॉम्ब घडवणाऱ्या शास्त्रज्ञावरचा ख्रिस्तोफर नोलन यांचा 'ओपनहायमर' २१ जुलै २०२३ रोजी, 'बार्बी'च्याच दिवशी, प्रदर्शित झाला आणि पुढे त्याला सात ऑस्कर मिळाली. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या 'किलर्स'ला दहा नामांकने मिळाली, पण ऑस्कर एकही नाही. त्या वर्षीच्या माझ्या वहीत 'ओपनहायमर' पहिला होता. आज तो तिथे नाही.

'ओपनहायमर'मध्ये १६ जुलै १९४५च्या अणुचाचणीचा स्फोट दिसतो, आधी निःशब्द आणि मग उशिरा पोहोचणाऱ्या गडगडाटासह; पण हिरोशिमा आणि नागासाकी दिसत नाहीत. चित्रपटाचा मोठा भाग नायकाच्या नजरेला बांधलेला आहे आणि नायकाला बातमी रेडिओवरून कळते. विध्वंसाची छायाचित्रे दाखवली जातात तेव्हाही कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर राहतो आणि तो नजर वळवतो. हे संयमाचे लक्षण आहे की पळवाट, यावर तेव्हा भरपूर वाद झाला. मोठ्या पडद्यावर पाहिला तेव्हा मी संयमाच्या बाजूने होतो. घरी पाहताना तो आवाज आणि ती भव्यता उणी झाली, सरकारी सुनावण्यांचा तिसरा तास भाषणांनी जड झालेला वाटला, आणि जे गाळले त्याची पोकळी पहिल्या वेळेपेक्षा जास्त जाणवली.

'किलर्स' उलट्या वाटेने जातो. १९२०च्या दशकात ओक्लाहोमात तेलामुळे श्रीमंत झालेल्या ओसेज या मूळ अमेरिकी जमातीतल्या लोकांचे खून त्यात कोरडेपणाने दाखवले आहेत, आणि त्यांमागे कोण आहे हे फार काळ झाकून ठेवलेले नाही. डेव्हिड ग्रॅन यांच्या २०१७च्या पुस्तकात तपासाला मोठी जागा आहे आणि पटकथेतही प्रारंभी तपास अधिकारीच केंद्रस्थानी होता. पुढे ती बदलून गोरा अर्नेस्ट आणि त्याची ओसेज बायको मॉली यांचा संसार मध्यभागी आणला गेला. म्हणजे इथे प्रेक्षकाला नाकारलेली गोष्ट आहे ती रहस्य उलगडण्याचे सुख. बायकोच्या माणसांच्या घातात सामील असलेला नवरा तिच्यावर प्रेमही करतो, यातले लिली ग्लॅडस्टोन यांच्या मॉलीला केव्हा आणि किती कळते, एवढेच शेवटपर्यंत हाती लागत नाही. (शेवट आधी कळू नये असे ज्यांना वाटते त्यांनी या परिच्छेदाचा उरलेला भाग सोडून द्यावा.) अखेरीस सगळी कथा एका जुन्या रेडिओ कार्यक्रमाचे रूप घेते, हातांनी काढलेल्या आवाजांसकट, आणि स्कॉर्सेसी स्वतः मंचावर येऊन मॉलीच्या मृत्युलेखाविषयी सांगतात की त्यात खुनांचा उल्लेख नव्हता. इतरांनी जे कौशल्य म्हणून वापरले, त्याच न दाखवण्याला हा एक चित्रपट गुन्ह्याचा भाग ठरवतो.

'ओपनहायमर' एखाद्या चित्रपटगृहात पुन्हा लागला तर तिथेच पाहावा, तोवर थांबावे. घरी पाहायचा तर 'किलर्स'. मध्येच थांबवून चित्रपट पाहणे मला एरवी पटत नाही, पण हा दोन बैठकींत पाहिला तरी फारसे बिघडत नाही, कारण त्याचे बळ उत्कंठेत नसून हळूहळू साचत जाण्यात आहे.

साडेतीन तास देणे शक्यच नसेल तर तेवढ्या वेळात 'झोन' आणि सेलीन साँग यांचा पहिलाच चित्रपट 'पास्ट लाइव्हज' असे दोन बसतात. सोलमध्ये एकत्र वाढणाऱ्या दोन मुलांपैकी मुलगी कुटुंबासह देश सोडते. बारा वर्षांनी दोघांची गाठ संगणकाच्या पडद्यावर पडते आणि आणखी बारा वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये प्रत्यक्ष, तेव्हा तिचे लग्न झालेले असते. जे आयुष्य जगले गेले नाही ते दाखवणार कसे, या प्रश्नाचे साँग यांनी काढलेले उत्तर म्हणजे लांबलेली शांतता आणि रस्त्यावर शेजारी उभे राहिलेले दोघे. नवऱ्याला खलनायक करण्याचा सोपा मार्ग त्यांनी टाळला, म्हणून चित्रपटाला उंची आली.

याच्या शेजारी विम वेंडर्स यांचा 'परफेक्ट डेज' ठेवता येतो. टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहे साफ करणारा हिरायामा रोज तेच काम मन लावून करतो, कॅसेटवर जुनी गाणी ऐकतो, झाडांच्या पानांतून झिरपणाऱ्या उजेडाचे फोटो काढतो. त्याचा भूतकाळ सांगितला जात नाही, बहीण मोटारीतून येते तेव्हा तो क्षणभर डोकावतो आणि निघून जातो. कोजी याकुशो यांना यासाठी कानमध्ये उत्कृष्ट अभिनेत्याचा सन्मान मिळाला आणि तो निर्विवाद आहे. माझी तक्रार एकच: नामवंत वास्तुरचनाकारांनी बांधलेली ती स्वच्छतागृहे जरा जास्तच लखलखीत आहेत, आणि त्यामुळे श्रमातला घाण उपसण्याचा भागही पडद्याबाहेर राहतो. थकलेल्या दिवशी 'परफेक्ट डेज', एरवी 'पास्ट लाइव्हज'.

हायाओ मियाझाकी यांच्या 'द बॉय अँड द हेरॉन'ची कोणाशी जोडी लागत नाही. १४ जुलै २०२३ रोजी जपानमध्ये तो झलक न दाखवता, केवळ एका भित्तिचित्रावर प्रदर्शित झाला. कथानक सुसंगत लागते अशांनी तो सोडला तरी चालेल. चित्रांसाठी चित्रपट पाहणाऱ्यांनी सोडू नये.

मालिकांकडे वळताना एक गोंधळ आधी दूर केला पाहिजे. २ मे ते २७ सप्टेंबर २०२३ या काळात अमेरिकेतील पटकथालेखकांचा आणि १४ जुलैपासून ९ नोव्हेंबरपर्यंत अभिनेत्यांचा संप होता. त्यामुळे सप्टेंबर २०२३मधला एमी, म्हणजे अमेरिकी टीव्ही पुरस्कारांचा, सोहळा १५ जानेवारी २०२४ला झाला आणि पुढचा नेहमीप्रमाणे सप्टेंबर २०२४मध्ये. उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात घडणाऱ्या 'द बेअर'चे २०२२मधले पहिले पर्व जानेवारी २०२४च्या सोहळ्यात आणि २०२३मधले दुसरे पर्व सप्टेंबर २०२४च्या सोहळ्यात गौरवले गेले. पुरस्कारांच्या यादीवरून निवड करणाऱ्याने पर्वाचा क्रमांक तपासून घ्यावा.

खरी तुलना 'सक्सेशन' आणि 'बीफ' यांच्यात आहे. 'बीफ'चे २०२३मधले पहिले पर्व दहा भागांत संपते आणि त्याला मागचे काही पाहिलेले असावे लागत नाही. वाहनतळावर दोन अनोळखी माणसांची खडाजंगी होते आणि दोघेही ती सोडून देत नाहीत. इतका राग कुठून आला, हे मालिका भागामागून भाग हाताआड ठेवते. मधले दोन भाग मला ओढूनताणून केलेले वाटले, शेवटचा भाग मात्र सगळी उधारी फेडतो. 'द बेअर'च्या दुसऱ्या पर्वात सहावा आणि सातवा हे दोन भाग असामान्य आहेत, पण पहिले पर्व पाहिल्याशिवाय त्यांचा ठाव लागणार नाही. ते आठच भागांचे असल्याने ही अट जड नाही.

'सक्सेशन'ची अट जड आहे. चौथे आणि अखेरचे पर्व २६ मार्च ते २८ मे २०२३ या काळात दाखवले गेले, आणि तिथवर पोहोचण्यापूर्वी २९ भाग पाहावे लागतात. त्या पर्वाच्या तिसऱ्या भागात मालिकेतली सर्वांत मोठी घटना घडते, ती दुसरीकडेच. माध्यमसम्राटाची मुले एका बोटीवर लग्नसमारंभात आहेत, हातोहात फिरणाऱ्या फोनवर तुटक बातमी येते, आणि जवळजवळ अर्ध्या तासाचा तो प्रसंग न थांबता चित्रित केल्यामुळे नटांची धांदल खरी वाटू लागते. मी हे चौथे पर्व त्या वर्षातल्या सर्व चित्रपटांच्या वर ठेवतो, तरी ते सुटे पाहण्याचा सल्ला देणार नाही. ज्यांना एकाच आठवड्याची सवड आहे त्यांनी 'बीफ' घ्यावी. ज्यांच्याकडे एखादा मोसम आहे त्यांनी 'सक्सेशन' पहिल्या भागापासून सुरू करावी आणि पाच-सहा भागांपर्यंत धीर सोडू नये. तोवर या माणसांचा तिटकारा येतो, पुढेही तो फारसा जात नाही, पण बोटीवर फोन वाजतो तेव्हा त्यांच्याचसाठी घसा दाटून येतो.