सोल्युशनची बाटली परत मागतात तेव्हा

कॉन्टॅक्ट लेन्सच्या सोल्युशनमुळे डोळा बिघडल्याचा संशय असेल आणि कंपनीकडून गोड आवाजात फोन आला की "बाटली पाठवून द्या, आम्ही तपासून कळवतो", तर बाटली पाठवू नका. पुढचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण घरात कोणी लेन्स वापरत असेल तर एवढं आजच सांगून ठेवा.

आम्ही अमेरिकेत राहतो. माझ्या बायकोच्या डोळ्याला जंतुसंसर्ग झाला तो अशा सोल्युशनमुळे, ज्याचा तो लॉट कंपनीने आधीच परत मागवला होता. रिकॉल जाहीर झाल्यानंतर तोच लॉट ऑनलाइन विक्रेत्याने आमच्या दारात आणून टाकला, वर "ताजा माल" म्हणून. दावा अजून चालू आहे, त्यामुळे वकिलाने कुणाचंही नाव घ्यायचं नाही असं बजावलं आहे. नावांशिवायही सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

सुरुवात साधी होती. डोळा लाल, उजेड सहन होईना, पाणी थांबेना. पहिल्या दवाखान्यात "डोळे आलेत" म्हणून अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले थेंब दिले. बुरशीचा संसर्ग असेल तर स्टेरॉइड म्हणजे तिला रान मोकळं. दुखणं वाढलं आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला, तेव्हा कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, तज्ज्ञाकडे गेलो. त्या बाईंनी आधी कॉर्निया खरवडून नमुना घेतला, तो कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवला आणि मगच औषध बदललं. निघाली फ्युसेरियम नावाची बुरशी. ही एरवी माती आणि झाडापाल्यात असते. शेतात काम करताना कुसळ किंवा काडी डोळ्यात गेली की होणारा हा आजार. "बागकाम करता का?" असं डॉक्टरांनी दोनदा विचारलं. आमच्याकडे कुंडीसुद्धा नाही.

उपचार म्हणजे नॅटामायसिन या बुरशीनाशक औषधाचे थेंब, सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा. बुरशी मेली, पण बुबुळावर फूल पडलं ते पडलंच. त्या डोळ्याने तिला आता समोरच्याचा चेहरा धुक्यातून पाहिल्यासारखा दिसतो. कॉर्निया बदलायचा की नाही, हा निर्णय अजून व्हायचा आहे.

आता फसवणुकीकडे येतो. विक्रेत्याला कळवलं, तर लगेच दिलगिरी आणि पैसे परत करणारा चेक. सोबत एक छोटंसं पत्र होतं. त्यात लिहिलेलं की ही रक्कम स्वीकारल्यावर या खरेदीबाबतचे सर्व दावे मिटले असं समजलं जाईल. बाटलीची किंमत ती काय, आणि तेवढ्यात डोळ्याचा हिशेब मिटवून टाकायचा! असा "संपूर्ण आणि अंतिम" लिहिलेला चेक नुसता वटवला तरी तडजोड मान्य केली असा अर्थ लावला जाऊ शकतो, सही केलेली नसली तरी. बायकोने तो चेक तसाच फाईलमध्ये लावून ठेवला. तिच्या फाईलींची मी वर्षानुवर्षं चेष्टा करत आलो आहे. ती आता बंद आहे.

कंपनीचा फोन त्यानंतर आला. बोलणारी मुलगी इतकी हळवी, की मला वाटलं आता रडते. पण प्रश्न ऐका. कधी लेन्स घालून झोपलात का? पोहायला गेलात का? डबी नळाच्या पाण्याने धुता का? जुनं सोल्युशन ओतून न देता त्यातच वरून भर घालता का? कॉल रेकॉर्ड होतो, हे सुरुवातीलाच यंत्राने सांगितलेलं असतं. "एखाद्या वेळी झालं असेल" असं तुम्ही माणूस म्हणून सहज बोलून जाता, आणि नंतर तेच वाक्य "ग्राहकाने उत्पादन चुकीच्या पद्धतीने वापरलं" असं होऊन समोर येतं. हे प्रश्न वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहेत. डॉक्टरांनी विचारले तर खरी उत्तरं द्या. कंपनीला मात्र "लेखी विचारा" एवढंच सांगा.

त्याच कॉलमध्ये बाटली मागितली. टपालखर्च भरलेला खोका दुसऱ्याच दिवशी हजर! विकताना कधी एवढी तत्परता पाहिली नव्हती. बाटली एकदा त्यांच्या प्रयोगशाळेत गेली की तपासणी ते करणार, निकाल ते लिहिणार, आणि उरलेलं सोल्युशन संपलं की संपलं. वकिलाने सांगितलेली रीत अशी: बाटली, तिचं झाकण, खोकं, लेन्सची डबी आणि त्या वेळच्या लेन्स, सगळं पिशवीत बंद करायचं, तारीख घालायची, आणि कुणाच्या ताब्यातून कुणाकडे गेलं याची नोंद ठेवायची. तपासणी तिसऱ्याच प्रयोगशाळेत, दोन्ही बाजूंच्या संमतीने आणि काही नमुना राखून. इस्पितळातल्या लॅबलाही लगेच कळवायचं की कल्चरमध्ये वाढलेली बुरशी फेकू नका, जपून ठेवा. लॅब ती अनंतकाळ ठेवत नाही. पुढे बाटलीतली किंवा डबीतली बुरशी आणि डोळ्यातली बुरशी एकाच जातीची आहे का, हे पाहायचं असेल तर दोन्ही हाताशी लागतात.

एवढी कटकट कशाला, असं वाटेल. याचं उत्तर २००६ मध्ये आहे. बाऊश अँड लॉम्ब कंपनीचं 'रिन्यू विथ मॉइश्चरलॉक' हे सोल्युशन तेव्हा फ्युसेरियमच्या साथीमुळे आधी सिंगापूर आणि हाँगकाँगमधून, मग अमेरिकेतून आणि मे महिन्यात जगभरातून मागे घेतलं गेलं. अमेरिकेत १६४ रुग्णांची खात्री झाली आणि त्यांपैकी साधारण तिघांमागे एकाला कॉर्निया बदलावा लागला किंवा तसं ठरलं. गंमत म्हणजे कारखान्यात आणि न उघडलेल्या बाटल्यांत बुरशी सापडलीच नाही. दोष मिश्रणाच्या सूत्रात असल्याचा निष्कर्ष निघाला: डबीत सोल्युशन थोडं सुकलं की त्यातल्या पॉलिमरचा थर तयार होई आणि त्याच्या आडोशाने बुरशी जगे. म्हणून "आमची बॅच निर्जंतुक होती" असं पत्र आलं की हातपाय गाळू नका. अमेरिकी कायद्यात बनवण्यातला दोष, रचनेतला दोष आणि पुरेशी सूचना न देणं, हे तिन्ही वेगवेगळे आधार आहेत. पहिला कोसळला तरी उरलेले दोन शिल्लक असतात.

त्याच प्रकरणाची दुसरी बाजू जास्त बोचते. फ्युसेरियम सिद्ध झालेल्यांचे सुमारे ६०० दावे कंपनीने २००९ पर्यंत जवळपास २५ कोटी डॉलर देऊन मिटवले. पण ज्यांच्या डोळ्यांत दुसरे जंतू निघाले होते, त्यांच्या बाजूचा मुख्य तज्ज्ञ पुरावा त्याच वर्षी साउथ कॅरोलिना आणि न्यूयॉर्क इथल्या न्यायाधीशांनी ग्राह्य धरला नाही. हे सोल्युशन वापरत होतो आणि डोळा गेला, एवढं पुरलं नाही. या सोल्युशनने या जंतूचा धोका वाढतो, हे शास्त्राने दाखवता आलं पाहिजे होतं. कल्चर न करता नुसत्या अंदाजाने थेंब दिलेल्या रुग्णाची गत काय होत असेल, विचार करा. रिकॉल झाला म्हणजे केस जिंकली असंही नसतं. बहुतेक रिकॉल कंपनी "स्वेच्छेने" करते आणि पत्रकात चूक कबूल केल्याचा एक शब्द नसतो.

मुदत हा आणखी एक सापळा. दावा लावायला बऱ्याच राज्यांत दोन किंवा तीन वर्षं मिळतात, काही ठिकाणी एकच. काही राज्यांत ती दुखापतीचं कारण कळल्यापासून मोजतात, पण त्या भरवशावर राहू नये. "तपास चालू आहे, थोडं थांबा" अशी पत्रं येत राहतात आणि मुदत मात्र थांबत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मेडवॉच या तक्रार-नोंदणीवर तक्रार कुणीही करू शकतं, रुग्णसुद्धा. आम्ही केली. त्यातून नुकसानभरपाई मिळत नाही, पण तारखेसह नोंद राहते आणि पुढचा रिकॉल अशाच नोंदींमधून निघतो.

वकिलाची फी बहुधा जिंकलात तरच, साधारण तिसरा हिस्सा. पण तज्ज्ञ, प्रयोगशाळा, कागदपत्रं यांचा खर्च फीच्या आधी वजा होणार की नंतर, आणि हरलो तर तो कोणाच्या डोक्यावर, हे करारावर सही करण्याआधी विचारा. आमच्या पहिल्या वकिलाने या प्रश्नावर विषय बदलला, म्हणून आम्ही वकील बदलला.

सध्या वाद अडला आहे तो विक्रेत्यापाशी. कंपनी म्हणते, आम्ही रिकॉलची सूचना सगळ्यांना दिली होती. विक्रेता म्हणतो, आम्ही फक्त बाजार भरवतो, माल दुसऱ्याचा. कॅलिफोर्नियातल्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये लॅपटॉपच्या बॅटरीच्या खटल्यात असा ऑनलाइन बाजार चालवणाऱ्यालाही जबाबदार धरता येतं असं ठरवलं. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तिथल्या कायद्यानुसार नेमकं उलट ठरवलं. म्हणजे तुम्ही कुठल्या राज्यात राहता यावर बरंच अवलंबून आहे. आमच्या तक्रारीनंतर त्या विक्रेत्याच्या पानावरून लॉट क्रमांकाचा फोटो गायब झाला. बायकोने त्या पानाची तारखेसकट छापील प्रत आधीच काढून ठेवली होती. आता वकिलाने तीच दाव्याला जोडली आहे.