जुन्या ट्रेलरचं गळकं छत आणि चार इंची टेप: सिॲटलचा एक हिवाळा काढल्यानंतर

आधी टेपचा निकाल: छताच्या पुढच्या-मागच्या सीमला (जोडाला) पाच तारे, व्हेंटभोवती (छतातल्या हवेच्या झरोक्याभोवती) एक. ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, 24 फुटी, वयस्कर. छत ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं. टेप इटर्नाबाँड या ब्रँडच्या धर्तीची, छताला चिकटवायची, 4 इंच रुंद, 50 फुटांचा रोल. डीलरच्या सर्व्हिसवाल्याने वर न चढताच ‘सगळं रबर बदला’ म्हणून जो आकडा सांगितला, त्यात दुसरा जुना ट्रेलर आला असता.

सीमचं काम टेप चोख करते, पण खालचं सगळं खरवडल्यावरच. जुन्या सीलंटच्या गाठी राहिल्या की टेपखाली पोकळी राहते आणि पाणी त्यातूनच आत सरकतं. आधी जुन्या रबरावर धरलेली पांढरी भुकटी पाण्याने धुवायची, वाळवायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. पेट्रोल, थिनर लांब ठेवा, त्यांनी ईपीडीएम फुगतं. गच्चीवर डांबर फासायची आपली सवयही इथे नडते. हार्डवेअर दुकानातली स्वस्त डांबरी पट्टी याच कारणाने नको. टेप एकदा टेकली की सरकत नाही, म्हणून मागचा कागद थोडा थोडा सोडत लावायची, कापताना कोपरे गोल करायचे आणि वरून रोलर जोर लावून फिरवायचा. नुसत्या हाताने दाबलेली टेप दिसायला तशीच दिसते, धरत नाही.

आता कुरकुर. 8 फूट रुंदीच्या ट्रेलरला दोन्ही सीम मिळून साधारण 17 फूट टेप लागते. उरलेली 33 फूट कपाटात बसून डोकं खाते. एवढी महागाची वस्तू, मग फिरवा व्हेंटला, फिरवा स्कायलाइटला! फसगत इथेच. व्हेंटचं प्लास्टिक उन्हाने तडकतं, कधी ना कधी बदलावं लागतंच. तेव्हा लॅप सीलंट (छताच्या कडा बुजवायची नळीतली लगदी) प्लास्टिकच्या पट्टीने निघून येतं. टेप रबराला सोबत घेऊन उठते. शंभर रुपयांच्या कुलपापायी दार तोडण्यातला प्रकार. शिवाय व्हेंटच्या कोपऱ्यावर टेप चुणी धरते, आणि चुणी म्हणजे पाण्याला आयती नळी.

पहिल्या पावसानंतर लॅप सीलंट जुनाट वाटत होतं. आता व्हेंटला तेच, दुसरं काही नाही. स्क्रू काढून फ्लँज (व्हेंटची छतावर टेकणारी सपाट कड) उचला, जुनी पुट्टी खरवडा, खाली 1/8 इंच जाडीची ब्युटाइल पट्टी (चिकट, मऊ रबरी पट्टी) द्या, ती कडेने थोडी बाहेर येईपर्यंत स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. मग फ्लँजची कड आणि प्रत्येक स्क्रूचं डोकं सेल्फ-लेव्हलिंग (आपोआप पसरून सपाट होणाऱ्या) लॅप सीलंटने बुजवा. 14 इंची व्हेंटला 10.3 औंसाची एक नळी पुरी लागते. तिथे कंजुषी नको. उभ्या भागावर हे सीलंट ओघळतं, तिथे नॉन-सॅग, म्हणजे न ओघळणारं. थंडीत सेल्फ-लेव्हलिंग पसरत नाही, गाठी होतात. नळी कोमट पाण्यात ठेवा, पण छत गारच असेल तर उन्हाचा दिवस बघा. आधीच्या मालकाने सिलिकॉन भरलं असेल तर शेवटच्या पापुद्र्यापर्यंत काढा, त्यावर काहीच धरत नाही.

स्क्रू नुसताच फिरत राहिला तर खालचं ओएसबी (लाकडाच्या चिपा दाबून केलेला तक्ता) कुजलंय. लांब स्क्रू घालू नका, खाली वायरी असू शकतात. रबर सोडवून तेवढा तुकडा नवीन प्लायवूडचा घालावा लागतो. कुजक्या लाकडावर कुठलीही टेप फुकट.

आत डाग दिसतो तिथेच वर भोक असेल असं नाही. पाणी आडव्या फळीवरून आणि वायरीवरून लांब जातं. दारंखिडक्या बंद करून एका व्हेंटमधून ब्लोअरने हवा भरा आणि बाहेर साबणाचं पाणी फवारा, बुडबुडे येतील ती जागा. पुढच्या कोपऱ्यात ओल असेल तर सीमच्या आधी ट्रेलरच्या कपाळावरचे क्लिअरन्स लाइट (उंची-रुंदी दाखवणारे छोटे दिवे) बघा. ते काढून मागे ब्युटाइल द्यायचं; कव्हरच्या वरच्या कडेला आणि बाजूंना सीलंट, खालची कड मोकळी, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर निघतं.