वीस मिनिटांचे गाणे कशाच्या बळावर उभे राहते? नव्याने घेतलेल्या पाच मेटल अल्बमांचे परीक्षण

गेल्या दोन महिन्यांत मी प्रोग्रेसिव्ह (लांब, लय बदलत जाणाऱ्या रचनांचे) आणि पॉवर (वेगवान, सुरेल कोरसचे) या मेटल संगीताच्या दोन प्रकारांतले पाच अल्बम सीडीच्या रूपात विकत घेतले. मुंबईत काळा घोड्याचे ‘ऱ्हिदम हाउस’ हे संगीताचे दुकान २०१६ मध्ये बंद झाल्यापासून ठाण्याहून लोकल पकडून जावे, रॅकवरच्या सीडी हाताळाव्यात आणि मागची गाण्यांची यादी वाचून निवड करावी, ही सोय राहिलेली नाही. त्यामुळे दोन अल्बम परदेशातून मागवले आणि तीन आपला जुना संग्रह विकणाऱ्या मंडळींकडून घेतले. टपालखर्चासह साडेसहा हजार रुपयांच्या आसपास गेले. एवढे पैसे घातल्यावर प्रत्येक अल्बम किमान चार वेळा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही गाणे न गाळता ऐकायचा असे ठरवले होते आणि तसेच ऐकले. दोन वेळा घरी स्पीकरवर आणि दोन वेळा प्रवासात हेडफोनवर.

शाळेत असताना मी नौपाड्यात सहा वर्षे तबला शिकलो. पुढे तो सुटला, पण कान अजूनही आधी लयीकडेच जातो. रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रा एकदा हाताला बसल्या की सात मात्रांचा गिटारचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, मोजत बसावे लागत नाही. या संगीतातल्या विषम मात्रांचे अनेकांना वाटणारे अवघडपण मला म्हणूनच फारसे जाणवत नाही. मला जो प्रश्न पडतो तो बढतीचा, म्हणजे रचना टप्प्याटप्प्याने वाढत जाण्याचा आहे. चांगला ख्यालगायक तासभर एकच राग गातो, तेव्हा प्रत्येक आवर्तनात राग थोडा तरी उलगडतो आणि समेवर येताना आपण मघापेक्षा पुढे आलेलो असतो. या प्रकारांतली गाणी दहा, तेरा, वीस, चोवीस मिनिटांची असतात. त्या लांबीत खरोखरच काही वाढत जाते, की केवळ तुकड्याला तुकडा जोडलेला असतो, हे मी या पाच अल्बमांत शोधत होतो.

सुरुवात सर्वांत नव्या अल्बमने करतो. ड्रीम थिएटरचा ‘पॅरासोम्निया’ फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. ड्रमवादक माइक पोर्टनॉय २०१० मध्ये बँडमधून बाहेर पडले होते आणि २०२३ मध्ये परतले, म्हणजे २००९ नंतर त्यांचा सहभाग असलेला हा या बँडचा पहिलाच स्टुडिओ अल्बम आहे. विषय झोपेच्या विकारांचा आहे: झोपेतली दचक, झोपेत चालणे, जाग येऊनही अंग न हलणे. एकाहत्तर मिनिटांचा हा ऐवज ऐकताना पहिली जाणीव झाली ती ड्रमच्या बोलकेपणाची. मधल्या काळातले ड्रमवादक माइक मँजिनी यांचे वादन अचूक होते, त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. परंतु पोर्टनॉय गाण्याच्या ओळीला उत्तर देतात, झांजांवर लहानसा शेरा मारून पुढच्या भागाची चाहूल देतात. चांगला तबलजी गायकाच्या मुखड्याआधी जागा करून देतो, तशीच ही गोष्ट आहे. ‘नाइट टेरर’ हे सुमारे दहा मिनिटांचे गाणे याच कारणाने पहिल्या ऐकण्यातच मनात बसले.

तरीही या अल्बमबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती बढतीशीच निगडित आहे. शेवटचे ‘द शॅडो मॅन इन्सिडंट’ साडेएकोणीस मिनिटांचे आहे. त्यातला मधला वाद्यभाग, जिथे जॉन पेट्रुची यांची गिटार आणि जॉर्डन रुडेस यांचा कीबोर्ड आळीपाळीने धावतात, तो वादनकौशल्य म्हणून थक्क करणारा आहे. पण त्या भागातून बाहेर पडल्यावर गाणे जिथे होते तिथेच असते. तो भाग काढून दुसऱ्या एखाद्या गाण्यात बसवला असता तरी कुणाच्या लक्षात आले नसते, असे मला चारही वेळा वाटले. याउलट ‘बेंड द क्लॉक’ हे त्यामानाने संथ आणि साधे गाणे आहे. त्याच्या अखेरीस पेट्रुची यांचा जो दीर्घ सोलो येतो, तो गायलेल्या चालीतूनच फुटतो, तिच्याच स्वरांवर रेंगाळतो आणि मग हळूहळू तार सप्तकाकडे चढतो. मला या अल्बममध्ये बढत सापडली ती इथे. ध्वनिमुद्रणाबाबत एवढेच म्हणेन की अँडी स्नीप यांचे मिक्सिंग भरदार असले तरी जोरकस भागांत सगळेच एका उंचीवर येते, आणि माझ्या लहान स्पीकरवर जॉन मायंग यांचा बेस शोधावा लागतो. हेडफोनवर तो बराच बरा ऐकू येतो.

सिम्फनी एक्सचा ‘द ओडिसी’ हा २००२ सालचा अल्बम मात्र प्रवासातच उमलला. मी नोकरीसाठी रोज ठाण्याहून वाशीला जातो. ट्रान्स-हार्बर मार्गाची लोकल या अंतराला साधारण अर्धा तास घेते आणि अल्बमच्या शीर्षकगीताची लांबी चोवीस मिनिटे आहे. गाडी ठाण्याहून हलताना ते लावले की सानपाडा यायच्या सुमारास संपते, आणि मधे कुणी काही विचारले नाही तर ते सलग, एका बैठकीत ऐकून होते. होमरच्या महाकाव्यातला ओडिसिअस ट्रॉयच्या युद्धानंतर इथाकाला परततो, त्या प्रवासाचे हे सात भाग आहेत: एकाक्ष राक्षस, जादूगारीण सर्सी, गाण्याने भुलवणाऱ्या सायरन्स, सिला आणि करिब्डिस ही समुद्रातली संकटे, आणि शेवटी घरात ठाण मांडून बसलेल्या वरांचा निकाल. आरंभीच्या वाद्यरचनेत ओडिसिअसची म्हणून एक धून मांडली जाते. ती पुढे वेगवेगळ्या वेषांत डोकावत राहते आणि अखेरीस, तो घरी पोहोचतो तेव्हा, पूर्ण रूपात परत येते. चोवीस मिनिटांची लांबी इथे मला कुठेही जाचली नाही, याचे कारण ती धूनच आहे. ऐकणाऱ्याला आपण कुठून निघालो हे आठवत असते, म्हणून परतण्याला अर्थ येतो. ख्यालात लांब तानेनंतर मुखडा पुन्हा हाती लागल्यावर जे समाधान मिळते, ते इथे मिळते.

या रचनेतला ऑर्केस्ट्रा प्रत्यक्ष वादकांचा नाही, तो गिटारवादक मायकल रोमिओ यांनी कीबोर्ड आणि संगणकाच्या साहाय्याने उभा केलेला आहे. आजच्या कानाला त्यातले काही ब्रास वाद्यांचे आवाज कृत्रिम वाटतात, हे मान्य करावे लागेल. मात्र मांडणी इतकी विचारपूर्वक आहे की दुसऱ्या ऐकण्यानंतर ती उणीव जाणवेनाशी झाली. रसेल ॲलन यांचा आवाज हे या बँडचे खरे भांडवल आहे. राक्षसाच्या प्रसंगात तो खरखरीत आणि दांडगा होतो, सायरन्सच्या प्रसंगात तोच आवाज मऊ आणि जवळचा होतो, आणि हा पालट कुठेही नाटकी वाटत नाही. अल्बमच्या पूर्वार्धात ‘इन्फर्नो’ आणि ‘विकेड’ ही धारदार गाणी आहेत, पण त्यांपेक्षा मला ‘ॲकोलेड टू’ आणि पियानोभोवती गुंफलेले ‘अवेकनिंग्ज’ अधिक भावले. ज्यांनी याच बँडचा ‘द डिव्हाइन विंग्ज ऑफ ट्रॅजेडी’ ऐकला असेल त्यांना पहिले ‘ॲकोलेड’ त्यातले, हे ठाऊक असेलच. ते आधी ऐकून मग हे ऐकावे.

कॅमेलॉट या बँडच्या ‘द ब्लॅक हेलो’बद्दल थोडक्यातच लिहितो, कारण माझी प्रत सदोष निघाली. विक्रेत्याने तबकडी निर्दोष असल्याचे कळवले होते. प्रत्यक्षात तिच्यावर ओरखडे होते आणि दोन गाणी अडखळत होती. बदलून मिळावी म्हणून दोनदा पत्र पाठवले, उत्तर आले नाही. ती दोन गाणी मला स्ट्रीमिंगवर ऐकावी लागली. २००५ सालचा हा अल्बम गटेच्या ‘फाउस्ट’ या नाटकावर बेतलेला असून २००३ च्या ‘एपिका’त सुरू झालेली कथा इथे पूर्ण होते. रॉय खान यांचा गडद, आवर घातलेला आवाज पॉवर मेटलमध्ये विरळा आहे, कारण या प्रकारातले बहुतेक गायक उंच स्वरांच्या आहारी जातात. ‘मार्च ऑफ मेफिस्टो’चा जड, रेंगाळता ठेका आणि सुमारे नऊ मिनिटांचे ‘मेमेंटो मोरी’ या दोन गाण्यांसाठी तो घ्यावा. मधली दोन-तीन गाणी एकाच साच्यातली आहेत.

हेलोवीनचा ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज, भाग दुसरा’ १९८८ सालचा. पॉवर मेटलची जी खूण आज आपण ओळखतो, म्हणजे धावता डबल बेस ड्रम, एकमेकींच्या साथीने जाणाऱ्या दोन गिटारी आणि गर्दीने एका सुरात म्हणावा असा कोरस, ती पक्की करण्यात हाम्बुर्गच्या या बँडच्या १९८७ आणि १९८८ च्या दोन ‘कीपर’ अल्बमांचा मोठा वाटा आहे. गायक मिखाएल किस्के तेव्हा विशीत नुकते पोहोचले होते. ‘ईगल फ्लाय फ्री’मध्ये ते तार सप्तकात ज्या सहजतेने वावरतात ती ऐकून आजही अंगावर रोमांच येतात, ताण दिसत नाही, घसा आवळलेला वाटत नाही. त्याच गाण्यात गिटारींच्या पाठोपाठ बेस आणि ड्रम यांनाही छोटे सोलो दिलेले आहेत. इंगो श्विख्टेनबर्ग यांचे ड्रमवादन तिथे नीट ऐकावे, कारण हा गुणी वादक १९९५ मध्येच गेला. ध्वनिमुद्रण आजच्या मानाने पातळ आहे आणि गिटारींना खर्जाचा भरणा कमी आहे, पण त्यामुळेच प्रत्येक वाद्य वेगळे ऐकू येते, आणि हे मला ‘पॅरासोम्निया’च्या एकसंध भिंतीपेक्षा अधिक रुचले.

साडेतेरा मिनिटांचे शीर्षकगीत बँडचे गिटारवादक मिखाएल वाइकाथ यांच्या लेखणीतले आहे. सात चाव्या सात समुद्रांत टाकायला निघालेल्या राखणदाराची ती गोष्ट आहे, आणि परीकथेचा हा भोळा सूर काहींना बालिश वाटतो. मला तो तसा वाटत नाही. एकेक चावी टाकताना तेच कडवे वाढत्या निकराने येते आणि ऐकणाऱ्याला पुढच्या समुद्राची उत्सुकता लागते. आपल्याकडच्या कहाण्यांमध्ये एकच वाक्य पुन्हा पुन्हा येऊन गोष्ट पुढे नेते, तसेच हे काम करते. यानंतर थोड्याच काळात दुसरे गिटारवादक काय हान्सेन यांनी बँड सोडला आणि गॅमा रे हा नवा बँड उभा केला. ‘आय वाँट आउट’ हे हान्सेन यांचे गाणे ही गोष्ट कळण्याआधीही ऐकले होते, पण आता त्याचे शब्द वेगळे लागतात.

आता आंग्रा. साओ पाउलोच्या या बँडचा ‘होली लँड’ १९९६ सालचा आहे आणि पाचांत मला सर्वाधिक आवडलेला आहे. विषय आहे पोर्तुगीज जहाजे ब्राझीलच्या किनाऱ्याला लागली त्या काळाचा. १५०० साली काब्राल याचा ताफा तिथे पोहोचला तो मुळात हिंदुस्थानच्या वाटेवर असताना, आणि त्याच वर्षी तो पुढे कालिकतला आला. ठाणेकराला हा इतिहास दूरचा वाटू नये. आपले मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यात आहे तो पोर्तुगीजांनीच बांधायला घेतला होता आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना काय घडले, याची जाणीव मनात ठेवून मी हा अल्बम ऐकला आणि त्याला एक वेगळीच खोली आली.

दहा मिनिटांहून लांब असलेले ‘कॅरोलिना फोर’ हे त्याचे हृदय आहे. कॅरोलिना फोर हे जहाजाचे नाव. आरंभी ब्राझिलियन तालवाद्ये वाजतात आणि त्यांच्यावर पोर्तुगीज भाषेत येमांजा या समुद्रदेवतेला वंदन केले जाते. चेंदणी कोळीवाड्याची नारळी पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला या वंदनाचा भाव समजावून सांगावा लागणार नाही. मग गिटारी येतात, वेग वाढतो, वाद्यवृंदाचा शांत टप्पा येतो, पुन्हा वादळ उठते. आणि हे सर्व जहाजाच्या प्रवासाच्या ओघात घडते, म्हणून एकही सांधा दिसत नाही. लोकतालाचा उपयोग शोभेसाठी केलेला नाही. शीर्षकगीतात तो ताल आणि पियानो हेच गाण्याचे हाडपेर आहे, विद्युत गिटार त्यावर नंतर चढते. आपल्या मातीचा ठेका मेटलमध्ये कसा मुरवावा, हे मुंबई-ठाण्यातल्या तरुण बँडांनी या अल्बमकडून अवश्य शिकावे असे मला मनापासून वाटते, कारण वर ढोलकी वाजवून दिली की काम झाले असे होत नाही.

गायक आंद्रे मातोस यांनी संगीतरचना आणि वाद्यवृंदसंचालन यांचे रीतसर शिक्षण घेतले होते, आणि पियानोच्या प्रत्येक मांडणीत ते दिसते. त्यांचा आवाज फार बारीक आहे. काही श्रोत्यांना तो सवयीचा व्हायला वेळ लागेल, मलाही दोन दिवस लागले. जून २०१९ मध्ये ते अवघ्या ४७ व्या वर्षी वारले. ‘मेक बिलीव्ह’ ऐकताना ते आठवल्यावाचून राहत नाही. ज्यांना या पाचांतला एकच अल्बम घेणे परवडणार असेल त्यांनी हाच घ्यावा, आणि तो पहिल्या ‘क्रॉसिंग’पासून सलग लावावा. त्यातल्या, सोळाव्या शतकातल्या पॅलेस्ट्रिना या इटालियन संगीतकाराच्या समूहगानातून ‘नथिंग टू से’च्या पहिल्या रिफवर येताना जो धक्का बसतो, तो गाणी सुटी करून ऐकणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.