तीन दिवे चमकले म्हणजे कीबोर्ड चालू आहे असं नाही

जुन्या मेकॅनिकल कीबोर्डचा नाद आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचला आहे, आणि त्याच्या मागोमाग चुना लावणारेही. हिंगणघाटकडच्या एका डीटीपीवाल्याने 'आयबीएम मॉडेल एम, ओरिजिनल, चालू कंडिशन, यूएसबी करून दिलेला' अशी जाहिरात पाहून पैसे पाठवले. व्हिडिओत मागचं लेबल स्पष्ट दिसत होतं, पार्ट नंबर 1391401. यूएसबी पिन लॅपटॉपला लावताच नम लॉक, कॅप्स लॉक आणि स्क्रोल लॉकचे तिन्ही दिवे एकदा चमकले. टाइप करून दाखवा म्हटलं तर फोनवर उत्तर आलं, "भाऊ, लाईट लागून राहिले ना, अजून काय पाह्यजे?" पार्सल आलं. दिवे दुकानातही चमकले, पण स्क्रीनवर एक अक्षर उमटेना. तोवर विकणाऱ्याचा फोन बंद.

कीबोर्ड अस्सल होता. खोट होती ती वायरीत. मॉडेल एम 1985 पासूनचा. त्यातले बहुतेक बोर्ड पीएस-टू (यूएसबीआधीचा गोल प्लग) किंवा त्याआधीची एटी भाषा बोलतात, यूएसबी त्यांच्या गावीही नाही. पीएस-टूच्या वायरीत कामाच्या तारा चार: 5 व्होल्ट, ग्राउंड, क्लॉक आणि डेटा. यूएसबीतही चारच: 5 व्होल्ट, ग्राउंड, डी-प्लस आणि डी-मायनस. या भामट्याने मूळ वायर कापून चार तारा चार तारांना जोडल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. 5 व्होल्ट मिळाले की कीबोर्ड स्वतःची तपासणी करतो आणि दिवे एकदा चमकवतो. त्याला समोर कॉम्प्युटर आहे की मोबाईलचा चार्जर, याच्याशी देणंघेणं नसतं.

याच फसवणुकीची दुसरी तऱ्हा म्हणजे हिरवा किंवा जांभळा छोटा प्लग 'कन्व्हर्टर' म्हणून गळ्यात मारणं. तो फक्त पिनचा आकार बदलतो. आत चिप नसते. दोन्ही भाषा जाणणारा नंतरच्या काळातला कीबोर्ड असेल तरच तो चालतो. मॉडेल एमला खरा, चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. स्वतः करायचा तर एटीमेगा 32यू4 चिपचा प्रो मायक्रो किंवा टीन्सी 2.0 बोर्ड घ्या. प्रो मायक्रो 5 व्होल्ट, 16 मेगाहर्ट्झचाच मागा, 3.3 व्होल्टचाही तसाच दिसतो. त्यात सोअरर किंवा टीएमकेचं फर्मवेअर, म्हणजे भाषांतर करणारा तयार प्रोग्राम, टाकायचा. 328 चिपचा स्वस्त अर्डुइनो कोणी 'तेच आहे' म्हणून दिला तर परत करा, त्या चिपमध्ये यूएसबी नसतं. आणि जोडण्याआधी तारांच्या रंगावर विश्वास ठेवू नका. पीएस-टूच्या सहा पिनांत 1 डेटा, 3 ग्राउंड, 4 वर 5 व्होल्ट, 5 क्लॉक. जुन्या पाच पिनांच्या जाड डिन प्लगात 1 क्लॉक, 2 डेटा, 4 ग्राउंड, 5 वर 5 व्होल्ट. मल्टीमीटर बीपवर ठेवून एकेक तार तपासा. मागून काढता येणारी वायर असलेल्या बोर्डाचं सॉकेट आयबीएमचं वेगळंच असतं, म्हणून वायरीशिवाय बोर्ड घेताना तिची किंमत धरूनच भाव करा.

वायर बदलली तर काम होईल, असं त्या डीटीपीवाल्यालाही वाटलं. उघडल्यावर खरी गोम कळली. केसला मागून चार स्क्रू असतात, षटकोनी, 5.5 मिलिमीटरचे आणि खोल भोकात. साधा पाना आत जात नाही, लांब आणि पातळ सॉकेट लागतं. या स्क्रूंवर ताजे ओरखडे असतील तर बोर्ड नुकताच उघडलेला आहे. आत स्प्रिंगांची प्लास्टिकची चौकट, रबरी चादर, मेम्ब्रेन (बटण दाबल्याचं टिपणारा पातळ पडदा) आणि पोलादी पत्रा हे सगळं प्लास्टिकच्या रिव्हेटांनी आवळलेलं असतं. वयोमानाने या रिव्हेटांची डोकी तुटतात, पत्रा सुटतो, बटणाखालची हातोडी मेम्ब्रेनवर नीट दाबत नाही, मग कधी बटण लागतच नाही तर कधी दोनदा लागतं. तुटके तुकडे बोर्ड हलवला की आत खडखडतात. या पठ्ठ्याने ते झटकून टाकले होते आणि रिव्हेटांच्या जागी ग्लू गनचा डिंक ओतला होता. थंडीत असा बोर्ड महिनाभर चालेलही. आपल्याकडच्या मे महिन्यात, टिनाखालच्या दुकानात, डिंक ढिला पडतो. म्हणून व्हिडिओ मागताना बोर्ड कानाजवळ हलवून दाखवायला सांगा आणि शक्य असेल तर उघडलेल्या पत्र्याचा फोटोही मागा.

रिव्हेट गेलेला बोर्ड टाकाऊ नसतो. पण तो चालू मालाच्या भावात घ्यायचा नाही, कारण काम मोठं आहे: उरलेली डोकी पटाशीने तासा, 1.5 मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं पाडा, एम-2 मापाचे 8 मिलिमीटरचे पन्नास-साठ स्क्रू बटणांच्या बाजूने घाला आणि नट पत्र्याकडून लावा. मधून कडेकडे आवळत जा. फार आवळलं की बटणं आपोआप लागतात. खालच्या ओळीत काही स्क्रूंची डोकी बटणांच्या टोप्यांना घासतात, तिथली भोकं सोडून द्या. जिनिंगच्या ऑफिसातून आलेल्या बोर्डात रुईची तूस स्प्रिंगच्या नळ्यांत बसलेली असते, ती आधी चिमट्याने काढा. फुंकर मारलीत तर आणखी खाली जाते.

टीव्हीएस गोल्ड या आपल्याकडच्या मेकॅनिकल कीबोर्डात वेगळा खेळ चालतो. जुन्या गोल्डमधले चेरी कंपनीचे एमएक्स ब्लू स्विच (बटणाखालची कळ) उपसून वेगळे विकतात आणि आत फुटकळ ब्लू बसवतात. दोन-चार टोप्या काढून पाहा, स्विचच्या माथ्यावर चेरीचं नाव कोरलेलं हवं. मागे कारखान्याचं सोल्डर सगळीकडे एकसारखं असतं. कुठे चमकदार गोळे, कुठे चिकट पिवळट डाग दिसले तर स्विच बदललेत. 'नव्वद सालचा' म्हणून दाखवलेल्या बोर्डावर रुपयाचं चिन्ह असेल तर हसून सोडून द्या, ते चिन्ह 2010 चं आहे. विंडोज बटणही 1994 च्या आधीचं नसतं.

आयबीएमचाच, मॉडेल एमच्या आधीचा, 1981 चा 83 बटणांचा मॉडेल एफ डिन प्लगमुळे एटीसारखा भासतो, पण बोलतो त्याहून जुनी एक्सटी भाषा. तो साध्या प्लगवर कधीच चालणार नाही, कोणी काहीही शपथ घेवो.

पैसे देण्याआधी एक न कापलेला व्हिडिओ मागा: विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा ठेवून 101 बटणं ओळीने दाबलेली, लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्डही चौकटीत. नाहीतर हात एका बोर्डावर आणि अक्षरं दुसऱ्याची, हेही होतं. सोबत किराणा काट्यावरचा फोटो घ्या. 1391401 दोन किलोच्या वर भरतो. स्पीड पोस्टच्या पावतीवर पार्सलचं वजन छापलेलं असतं. ते खोक्यासकट दीड किलो निघालं, तर आत मॉडेल एम नाही, आणि पार्सल न फोडता पोस्टमनसमोरच हे कळतं. पावती, वजन, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि फोडतानाचा सलग व्हिडिओ एकत्र ठेवा. पैसे गेल्याचं लक्षात येताच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. रक्कम पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवली तरच हाती लागते.