नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार करून बनवलेली गिटार – माझा रिव्ह्यू

नागपुरात लाकडी गिटार सांभाळणं किती कठीण आहे ते इथल्या वाजवणाऱ्यांना माहीतच आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पार, हवा कोरडीठाक, लाकूड आकसतं, टॉप (वरची लाकडी फळी) खाली बसतो, तारा फ्रेटला (दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांना) लागून झणझणतात आणि फ्रेटची टोकं बोटाला टोचतात. घरात कूलर लावला की तीच गिटार ओल पिऊन फुगते, पावसाळ्यात तर ॲक्शन (तारा आणि दांडा यांतलं अंतर) एवढी वर जाते की बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या ती) धरवत नाही. आधीच्या फॅक्टरीच्या गिटारीला ब्रिजच्या (टॉपवर तारा बांधतात त्या पट्टीच्या) मागे चीर गेली, म्हणून या वेळी नागपूरच्याच महाल भागातल्या एका कारागिराकडून हाताने बनवून घेतली, आणि खूप खुश आहे म्हणून लिहून राहिलो.

हा माणूस आधी तुम्हाला वाजवायला लावतो. माझी बोटं बघून म्हणाला, "भाऊ, ४३ एमएमच्या नटवर तुमचं बोट बाजूच्या तारेला लागून राहिलं, साडेचव्वेचाळीस घेऊ." नट म्हणजे दांड्याच्या वरच्या टोकाची, तारा वेगळ्या ठेवणारी पट्टी. फिंगरस्टाइल (बोटांनी तारा छेडून) जास्त वाजवतो म्हणून ड्रेडनॉट या मोठ्या बॉडीऐवजी लहान, कमरेला बारीक ओएम बॉडी ठरली. टॉप सिटका स्प्रूस या लाकडाचा, बॅक आणि साइड आपल्याकडच्या शिसवाच्या, नेक (दांडा) महोगनीची. बल्लारशाचं सागवान एवढं जवळ असताना ते का नको असं मी विचारलं, तर म्हणे सागात तेल असतं, जोड नीट धरत नाही आणि नेक जड होते.

खरी कमाल ब्रेसिंगमध्ये, म्हणजे टॉपला आतून चिकटवलेल्या आधाराच्या पट्ट्यांमध्ये आहे. मार्टिन या अमेरिकन कंपनीच्या गिटारींत १८४० च्या दशकापासून असतं तेच एक्स ब्रेसिंग, पण तो टॉप कोपऱ्यात धरून बोटाने टिचकी मारतो, पटाशीने पट्टी थोडी तासतो, परत टिचकी, परत तासणं, असं आवाज मोकळा होईपर्यंत चालतं, मी तर बघतच बसलो होतो. सहा तारा मिळून ७० किलोच्या वर ओढतात, पट्टी जाड राहिली तर आवाज मरतो आणि फार बारीक केली तर ब्रिजमागे पोट येतं.

आणि पावसाळ्यात तो टॉपला ब्रेसिंग चिकटवतच नाही!! मीटरवर आर्द्रता ४०-४५ टक्के दिसली तरच ग्लू लावतो, कारण फुगलेलं लाकूड तसंच जाम केलं की मे महिन्यात ते आकसायला बघतं, आडव्या पट्ट्या त्याला आकसू देत नाहीत आणि मग ते फाटतं. वरून हाडाचे दोन सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्ट्या) दिले, उन्हाळ्यासाठी उंच आणि पावसाळ्यासाठी ठेंगणा, तार सैल करून आपणच बदलायचे. अख्खा उन्हाळा गेला, चीर नाही, झणझण नाही. बास भरलेला पण गढूळ नाही, आणि वरच्या तारा हलक्या हातानेही स्वच्छ ऐकू येतात, मला हे सगळ्यात जास्त आवडलं.

तक्रारी आहेत. दिवाळीचा वायदा होता, हातात आली संक्रांतीनंतर, आणि फोन केला की "होऊन राहिली भाऊ" एवढंच. नेक बॉडीला जुळते त्या हीलजवळ पॉलिश पातळ लागलंय. किंमत चांगल्या फॅक्टरी गिटारीच्या बरीच वर जाते, ॲडव्हान्स अर्धा. ऑर्डर द्यायची असेल तर पाऊस संपता संपता द्या म्हणजे कोरड्या दिवसांत ब्रेसिंग होऊन जाईल, आणि हार्ड केस तो देत नाही, ती सीताबर्डीवरून वेगळी घ्यावी लागेल.