अपील एकट्यानं करावं, सगळ्यांनी मिळून, की थांबावं?

कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात एक ताई निकालाची नक्कल घेऊन माझ्याकडे आल्या. ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून सांगते. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा. वादी चार भावंडं. प्रतिवादी दोन चुलतभाऊ आणि त्यांच्याकडून रस्त्याकडेचा तुकडा विकत घेतलेला खरेदीदार. चुलत्यांच्या मुलांविरुद्ध हुकूमनामा (दाव्यात कुणाला काय मिळालं ते ठरवणारा कोर्टाचा आदेश) झाला, निम्मा हिस्सा मिळाला. खरेदीदाराविरुद्ध मात्र दावा फेटाळला, म्हणजे सगळ्यात मोलाची जमीन गेली. ताई म्हणाल्या, "मॅडम, दादानं अपील केलंय न्हवं? मग मी आणि कशाला करू?"

अनेक वादी असलेल्या जवळजवळ प्रत्येक दाव्यात हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर उशिरा कळलं तर फार महागात पडतं. म्हणून तिन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून बघू.

त्याआधी एक गोष्ट पक्की करायची: अपिलाचा हक्क आपल्याला आहे का? दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९६ हुकूमनाम्यावर अपील देतं, पण ते कुणी करायचं हे सांगत नाही. कोर्टांनी लावलेली कसोटी अशी, की हुकूमनाम्यानं ज्याचं नुकसान झालं त्यानं. गंगाबाई विरुद्ध विजयकुमार या १९७४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दावा करण्याचा हक्क माणसाला उपजत असतो, अपिलाचा मात्र कायद्यानं द्यावा लागतो. आणि अपील हुकूमनाम्याविरुद्ध असतं, निकालपत्रातल्या एखाद्या निष्कर्षाविरुद्ध नाही. म्हणून "आम्ही वादी होतो" एवढं पुरत नाही. निकालपत्राचं शेवटचं पान, आदेशाचा भाग, पेन घेऊन वाचायचा: कोणत्या प्रतिवादीविरुद्ध काय मिळालं, काय नाकारलं, आणि नाकारलेल्यात माझा हिस्सा किती. ताईंच्या नक्कलेत आम्ही एकाच ओळीखाली रेघ मारली. प्रतिवादी क्रमांक ३ विरुद्ध दावा फेटाळण्यात येतो. अपील तेवढ्याचंच.

आता पहिली वाट, दादाच्या अपिलावर विसंबणं. याला कायद्यात आधार आहे. त्याच संहितेचा आदेश ४१ नियम ४ म्हणतो की हुकूमनामा सगळ्या वादींना समान असलेल्या मुद्द्यावर उभा असेल, तर त्यांपैकी एकानं केलेल्या अपिलात कोर्ट सगळ्यांच्या बाजूनं तो फिरवू शकतं. खरेदीदाराचा मुद्दा चौघांना समानच होता. म्हणजे दादा जिंकले तर ताईंनाही फळ मिळू शकतं. पण "शकतं" हा शब्द लक्षात ठेवा. ते कोर्टाच्या हातात आहे, आणि दादा शेवटपर्यंत लढतील यावर सगळं टेकलेलं आहे. उद्या खरेदीदारानं दादांना बाजूला घेऊन रक्कम दिली आणि दादांनी अपील काढून घेतलं, तर? तोपर्यंत ताईंची मुदत उलटून गेलेली असते. मग उरतो विलंब माफीचा अर्ज, आणि त्यात "भावानं केलं होतं म्हणून गप्प राहिले" हे कारण पुरेसं ठरेलच असं नाही. दादांनी फक्त स्वतःपुरता मुद्दा घेतला असेल तर नियम ४ तसाही कामाला येत नाही.

दुसरी वाट, चौघांनी मिळून एक अपील. वकील एक, पेपर बुक (अपिलाच्या कागदपत्रांचा संच) एक, खर्च वाटून जातो, आणि कोर्टासमोर कुटुंब एकत्र दिसतं. भावंडं खरोखर एकदिलानं असतील तर मी हेच सुचवते. मात्र एक धोका आहे. अपील चालू असताना एखादा अपेलंट, म्हणजे अपील करणारा, वारला, तर ९० दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर लावावे लागतात. नाही लावले तर त्याच्यापुरतं अपील ॲबेट होतं, म्हणजे आपोआप संपतं, आणि हक्क एकजीव असेल तर सगळ्यांचंच कोसळू शकतं. १९६३ च्या रामेश्वर प्रसाद खटल्यात सगळ्या वादींनी मिळून अपील केलं होतं, त्यातला एक वारला, वारस लागले नाहीत. उरलेल्यांना नियम ४ चा आधार मिळाला नाही, कारण तो नियम एकट्यानं अपील करणाऱ्यासाठी आहे असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. पुढच्या काही निकालांत वस्तुस्थितीनुसार थोडी वाट मिळाली आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये. वयस्कर भावंडं असली, कुणी पुण्यात, कुणी बेळगावला असलं, की ९० दिवस कधी सरले ते कळत नाही.

तिसरी वाट, स्वतःचं वेगळं अपील. त्यासाठी कुणाची संमती लागत नाही. जी भावंडं येत नाहीत त्यांना रिस्पॉन्डंट, म्हणजे अपिलातला समोरचा पक्षकार, करायचं, म्हणजे हुकूमनाम्यातले सगळे पक्षकार समोर राहतात. खर्च आणि धावपळ आपल्या एकटीची. घरात कटुता येते, हेही खरं. "सख्ख्या भावाला नोटीस?" असं ताई विचारत होत्या. ही नोटीस भांडणाची नाही, त्याला बाजूला न टाकण्याची आहे, हे मी दादांना फोनवर समजावून सांगितलं.

आणखी एक पर्याय काही वकील सुचवतात: आपण अपील करायचंच नाही, समोरच्यानं केलं तर क्रॉस ऑब्जेक्शन, म्हणजे त्याच्याच अपिलात आपली उलट हरकत, टाकायचं. नोटीस बजावल्यापासून एक महिन्याची मुदत असते, कोर्ट फी त्यालाही लागते. पाच लाख मागितले, साडेचार मिळाले, प्रतिवादी एकच, अशा दाव्यात हा शहाणपणाचा मार्ग आहे. कारण आपण अपील केलं की झोपलेला प्रतिवादी जागा होतो, स्वतःचं क्रॉस ऑब्जेक्शन टाकतो, आणि नंतर आपण अपील काढून घेतलं तरी त्याचं चालूच राहतं. पूर्ण जिंकलेल्या पण एखादा निष्कर्ष विरुद्ध गेलेल्या वादीलाही, १९७६ च्या दुरुस्तीनंतर, हीच वाट आहे.

ताईंच्या दाव्यात मात्र ती चालत नव्हती. अपील चुलतभावांनी केलं असतं; ताईंचा राग खरेदीदारावर, जो त्या अपिलात सहरिस्पॉन्डंट झाला असता. क्रॉस ऑब्जेक्शन साधारणपणे अपेलंटविरुद्धच चालतं, सहरिस्पॉन्डंटविरुद्ध अपवादानंच, असं पन्नालाल विरुद्ध मुंबई राज्य या १९६३ च्या निकालात ठरलंय. त्याच निकालात आदेश ४१ च्या नियम ३३ खाली कोर्ट अशा वादीला न्याय देऊ शकतं असंही म्हटलंय, पण तोही कोर्टाचा विवेक. आणि चुलतभावांनी अपीलच केलं नाही तर सगळंच संपलं.

वाटपाच्या दाव्यात आणखी एक अट घाई करायला लावते. पहिला होतो तो प्राथमिक हुकूमनामा, कुणाचा हिस्सा किती ते ठरवणारा; प्रत्यक्ष वाटणी नंतरच्या अंतिम हुकूमनाम्यात. कलम ९७ प्रमाणे त्याच्यावर अपील केलं नाही, तर अंतिम हुकूमनाम्याच्या अपिलात तो चुकीचा होता असं म्हणता येत नाही. "मोजणी होऊ दे, मग बघू" असं म्हणून थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं फार वाईट वाटतं.

मुदत जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळले जातात, म्हणून नक्कलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच द्यावा. कुठल्या कोर्टात जायचं ते दाव्याच्या मूल्यावर ठरतं. उच्च न्यायालयात जायचं झालं तरी १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागत नाही. कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) भरतं. आणि नुसतं अपील दाखल केल्यानं काही थांबत नाही. खरेदीदार तुकडा पुढे विकेल अशी भीती असेल तर मनाई हुकमाचा अर्ज अपिलासोबतच जोडावा.

ताईंनी एकविसाव्या दिवशी वेगळं अपील दाखल केलं, दादा आणि दोघी बहिणींना रिस्पॉन्डंट करून. दादांचं अपीलही चालू आहे. दोन्ही एकत्र चालवावीत असा अर्ज आम्ही दिलाय.